लघवी गळण्यावरील शस्त्रक्रियेनंतरचे जीवनमान

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा भरलेली बादली उचलताना लघवी सुटणे म्हणजे तणावजन्य मूत्रगळती. बाळंतपणांमुळे आणि वयामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडले, की मूत्रमार्गाचा आधार जातो. बायका हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात, गडद रंगाचेच कपडे नेसतात, लग्नघरात आधी मोरी कुठे आहे ते पाहून ठेवतात. स्नायूंच्या व्यायामाने भागले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे खोकून पाहण्याच्या चाचणीवर ठरवायचे, की बाईला विचारून? दोन्ही उत्तरे जुळतातच असे नाही. अमेरिकेत 655 स्त्रियांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन पद्धतींची तुलना होती: रुग्णाच्याच शरीरातील, स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्टीचा मूत्रमार्गाला आधार (स्लिंग) आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळचा भाग टाके घालून वर ओढून धरण्याची बर्च पद्धत. सगळ्या कसोट्या एकत्र लावल्यावर दोन वर्षांनी यश अनुक्रमे 47 आणि 38 टक्केच भरले. समाधानी स्त्रिया मात्र 86 आणि 78 टक्के होत्या. थोडेफार थेंब उरले तरी बाई घराबाहेर पडू लागली, तर तिच्या लेखी फरक पडलेला असतो. म्हणूनच मूत्रगळतीचा त्रास मोजणाऱ्या आयसीआयक्यू या छोट्या प्रश्नावलीत 21 पैकी 10 गुण ‘रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो’ या एकाच प्रश्नाला आहेत, आणि ते योग्यच आहे.

उलटेही घडते. खोकल्याने होणारी गळती थांबते, पण लघवीची अनावर घाई तशीच राहते किंवा नव्याने लागते. अशी बाई कोरडी असूनही सुखी नसते. वरील चाचणीत स्लिंगने गळती जास्त थांबली, पण लघवी अडणे, जंतुसंसर्ग आणि घाई हे त्रासही त्याच गटात अधिक होते. शस्त्रक्रियेआधी हे स्पष्ट सांगायलाच हवे.

1990च्या दशकात स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन यांनी कृत्रिम धाग्याची पट्टी रूढ केली. छोट्या छेदांतून होणारी ही शस्त्रक्रिया बहुतेकींना मानवली. काहींच्या बाबतीत मात्र पट्टी योनीच्या अस्तरातून बाहेर आली, सतत दुखू लागले, शरीरसंबंध नकोसे झाले. त्यांचे जगणे आधीपेक्षा अवघड झाले. त्यांच्या तक्रारींनंतर इंग्लंडमध्ये जुलै 2018 पासून या पट्टीच्या वापरावर कडक निर्बंध आले.

घरी सोडण्यापूर्वी लघवी करून मूत्राशयात किती उरते ते मोजतात. नीट होत नसेल तर काही दिवस नळी ठेवावी लागते. पुढचे काही आठवडे जड उचलायचे नसते. म्हणजे हंडा, गॅसची टाकी आणि कडेवर यायला हट्ट करणारे नातवंडसुद्धा.