ऐकलेल्या वाक्यांतून बोलणारी मुलं

नाशिकच्या सिडकोतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. पाच वर्षांचा मुलगा भर दुपारी दाराशी उभा राहून म्हणतो, ‘ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा.’ आजी म्हणते, झाली पोपटपंची सुरू. आई मात्र चपला घालते. रोज सकाळी हेच वाक्य वाजवत घंटागाडी आली की ती त्याला घेऊन खाली उतरते. त्याच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ एकच, खाली जायचंय.

स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं बोलू लागली की त्यांच्यातली बरीच जण असं ऐकलेलं जसंच्या तसं बोलतात. याला इकोलेलिया म्हणतात. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांच्या नोंदी छापल्या. त्यातला एक मुलगा मधूनच म्हणायचा, ‘कुत्र्याला गॅलरीतून टाकू नकोस.’ आसपास कुत्रा नसायचा. कधीकाळी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकायचा, तेव्हा आईनं त्याला असं दटावलं होतं. आता काही फेकावंसं वाटलं की तो स्वतःलाच आवरत होता!

तरी पुढे कित्येक वर्षं हे बोलणं बंद पाडण्यावरच भर राहिला. १९८१ मध्ये प्रायझंट आणि डुकॅन या भाषा-अभ्यासकांनी चार स्वमग्न मुलांचं चित्रीकरण करून, ऐकल्या ऐकल्या परत म्हटलेली हजारावर वाक्यं तपासली. मूल बघतं कुठे, सूर कसा, हात कशाकडे, हे सगळं पाहिलं. काही वाक्यं खरोखरच उगाच होती. बाकीच्यांत मागणी होती, होकार होता, स्वतःशी उजळणी होती. ‘पाणी हवंय का?’ला ‘पाणी हवंय का?’ हे उत्तर म्हणजे चक्क ‘हो’ असू शकतं.

मराठीत आणखी एक गंमत होते. मुलगा ‘मी येते’ म्हणतो आणि पाहुणे हसतात. त्यानं आईचं वाक्य अख्खं उचललेलं असतं, एवढंच.

म्हणून प्रश्नांचा मारा कमी करून मुलाच्या तोंडी बसेल असं वाक्य आपणच म्हणावं: ‘खाली जायचंय’, ‘पाणी हवंय’. यात मी-तूचा घोळ नाही, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही ते चालतं. एका वहीत वाक्य, ते कुठे ऐकलं आणि तेव्हा काय चाललं होतं, हे टिपून ठेवावं. बालवाडीच्या बाईंनाही ती वही दाखवावी, नाहीतर शाळेत तेच वाक्य खोडी ठरतं.

बोलणं उशिरा येत असेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणत थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. सिव्हिलमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.