भरतकामाचे जुने नमुने, चौकटीचा कागद आणि संगणक

पारंपरिक भरतकाम डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उभे करणे हे नवे काम वाटत असले, तरी टाक्यांचे चित्र चौकटींत मांडण्याची रीत संगणकाहून चारशेहून अधिक वर्षांनी जुनी आहे. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे योहान शोन्स्पेर्गर याने 1524 च्या सुमारास नमुन्यांचे पुस्तक छापले आणि तोपर्यंत कापडावरून कापडावर उतरणारे नमुने कागदावरून शिकता येऊ लागले. कापडावर नमुने उतरवून ठेवण्याची पद्धत अर्थातच चालू राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जेन बोस्टॉक हिचा 1598 सालचा नमुनापट त्याचीच साक्ष देतो.

एका रंगात छापलेल्या अशा नमुन्यात कोणता धागा घ्यायचा, हे भरणारीच ठरवत असे. बर्लिनमध्ये फिलिपसन या छापील चित्रांच्या विक्रेत्याने 1804 मध्ये चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आणले, आणि एक चौकट म्हणजे एक टाका, तिचा रंग म्हणजे धाग्याचा रंग, हा हिशेब पक्का झाला. पडद्यावरचे चित्र याच हिशेबाने बनते. 1984 च्या मॅकिंटॉश संगणकासाठी आरेखक सुझन केअर यांनी 32 गुणिले 32 चौकटींची चिन्हे प्रथम आलेख कागदावरच रेखाटली होती. त्यामुळे फुलीचा टाका (क्रॉस स्टिच) संगणकात गेला तो परका म्हणून नव्हे, असे मला मनापासून वाटते.

सॉफ्टवेअरची वाट मात्र दोन दिशांनी गेली. सिडनीच्या विलकॉमसारख्या कंपन्यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला यंत्रावरील भरतकामासाठी संगणकीय आरेखन आणले, तर घरगुती संगणक आल्यावर हाताने भरणाऱ्यांसाठी छायाचित्रावरून नमुना काढून देणारे कार्यक्रम तयार झाले. हे कार्यक्रम छायाचित्रातील प्रत्येक रंगासाठी धाग्यांच्या यादीतील जवळची छटा शोधतात. छटा कमी पडल्या की दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास निर्माण करतात, आणि मग एकेका टाक्यासाठी धागा बदलावा लागतो. जुन्या नमुन्यांत असे विखुरलेले टाके सहसा आढळत नाहीत.

खरी अडचण जुन्या कापडाचे छायाचित्र थेट सॉफ्टवेअरला दिल्यावर कळते. हातमागाच्या जुन्या लिननमध्ये उभे आणि आडवे धागे सारख्या संख्येने असतीलच असे नाही. समजा, रुंदीत इंचाला 28 आणि उंचीत 24 धागे आहेत. दोन धाग्यांवर एक टाका धरला तर 42 गुणिले 42 टाक्यांची चौरस आकृती त्या कापडावर 3 इंच रुंद आणि साडेतीन इंच उंच होते. सॉफ्टवेअरची चौकट समभुज असल्याने, मूळ टाके न मोजता केवळ छायाचित्रावर चौकटी टाकल्यास आकृतीत नसलेल्या ओळी वाढतात. रंगाचेही तसेच आहे. सुलट बाजूचे धागे उजेडाने विटलेले असतात, म्हणून कापड उलटून मागच्या बाजूचे, बऱ्याचदा अधिक ताजे राहिलेले रंग पाहूनच छटा निवडणे योग्य.

उलट बाजूचे महत्त्व येथेच संपत नाही. सोळाव्या शतकातील जर्मन चित्रकार हान्स होल्बाइनच्या व्यक्तिचित्रांतील कपड्यांमुळे ज्याला त्याचे नाव मिळाले, तो दुहेरी धावदोरा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि कर्नाटकातील कसुती या भरतकामाच्या गवंती टाक्याची रीतही तीच आहे. सुई जाताना एक घर सोडून एक रेघ भरते आणि परतताना सुटलेली घरे भरते. आकृती कितीही फाट्यांची असली तरी ती सलग जोडलेली असेल, तर प्रत्येक रेघेवरून दोनदा जाऊन सुरुवातीच्या बिंदूवर परत येता येते. चौकटींच्या चित्रात हा मार्ग नोंदलेलाच नसतो; कुठून निघायचे आणि कोणत्या फाट्याला कधी वळायचे, हे भरणाऱ्या हातांनाच ठाऊक असे.

अलीकडे इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या इंक/स्टिच या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘रेडवर्क’ नावाचे साधन आले असून ते प्रत्येक रेघ बरोबर दोनदा शिवली जाईल असा सलग मार्ग काढून देते. यंत्रावर मात्र खालून बॉबिनचा (खालच्या रिळाचा) दुसरा धागा येतो, त्यामुळे मार्ग तोच राहिला तरी उलट बाजू हाताच्या कामासारखी होत नाही.