मूठभर तांदळाची मंडळी : मिझोराम प्रेस्बिटेरियन चर्चची पार्श्वभूमी

मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन घरात भात टाकताना आधी मूठभर तांदूळ वेगळे काढायची रीत आहे. ‘बुहफाई थाम’ म्हणतात याला. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायातल्या, बायका घरोघरचा हा तांदूळ गोळा करतात, तो विकतात आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. आपल्याकडचा मुष्टिफंडच म्हणा ना! फरक एवढाच की हा १९१० पासून अजून चालू आहे.

तेव्हा मंडळी अगदी कोवळी होती. ११ जानेवारी १८९४ रोजी लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन इंग्रज मिशनरी होडीने सैरांगला पोचले. मिझो भाषेला त्यांनी रोमन लिपी दिली आणि शाळा काढली. पण हा मुलूख मग वेल्श (वेल्समधल्या) मिशनकडे गेला. त्या मिशनचं खासी टेकड्यांतलं (आजच्या मेघालयातलं) काम १८४१ पासूनचं. त्यांचे डी. ई. जोन्स १८९७ च्या ऑगस्टअखेर ऐजॉलला आले. नावाने हे वेल्श लोक ‘कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट’, कारभार मात्र प्रेस्बिटेरियन : बिशप नाही, पाळक (पाद्री) आणि मंडळीने निवडलेले ‘वडील’ म्हणजे ज्येष्ठ सभासद मिळून निर्णय घेणार. २५ जून १८९९ ला खुमा आणि खारा या दोघांचा पहिला बाप्तिस्मा झाला. लॉरेन-सॅव्हिज १९०३ मध्ये परतले ते बाप्टिस्ट या वेगळ्या पंथाचे मिशनरी म्हणून, दक्षिणेत. आजही ढोबळमानाने उत्तर प्रेस्बिटेरियन, दक्षिण बाप्टिस्ट अशी वाटणी दिसते ती त्यामुळेच.

खासी टेकड्यांतली धार्मिक जागृतीची लाट १९०६ मध्ये इथे पोचली. १९०८ मध्ये डॉ. पीटर फ्रेझर आले आणि ‘बोई’ प्रथेवर तुटून पडले. सरदाराच्या घरी बांधून राहणाऱ्यांची ही प्रथा म्हणजे गुलामगिरीच, असं ते म्हणत. सरकारला सरदार दुखवायचे नव्हते. मिशननेही डॉक्टरांची पाठराखण केली नाही. अखेर त्यांनाच डोंगर सोडावा लागला. या चर्चच्या इतिहासातलं हे पान फारसं अभिमानाचं नाही.

१९६६ मध्ये मिझो बंड पेटलं आणि पुढच्या काही वर्षांत परदेशी मिशनऱ्यांना जावं लागलं. पण तोवर पाळक मिझो होते, वडील मिझो होते आणि तांदळाचा डबा तर पहिल्यापासून घरचाच. आता ऐजॉलच्या मिशन वेंग वस्तीतलं सिनॉडचं (चर्चच्या सर्वोच्च सभेचं) कार्यालयच राज्याबाहेर मिशनरी पाठवतं.