येळवस: सीमेच्या दोन्ही बाजूंची अमावास्या

मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूर शहरात दुपारी चहा मिळायचीही मारामार. दुकानांची शटरं खाली, रस्ते रिकामे, जणू कुणी न सांगता संचारबंदी लावली आहे. सगळे शेतात गेलेले असतात. ज्याला स्वतःचं शेत नाही तो मित्राच्या शेतात, आणि ज्याला मित्राचंही आमंत्रण नाही असा माणूस त्या दिवशी सापडणं कठीण. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकारी या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला मात्र हा सण बहुधा ऐकूनही माहीत नसतो.

कागदोपत्री त्याचं नाव ‘वेळ अमावास्या’ किंवा ‘वेळा अमावास्या’. बोलण्यात ‘येळवस’. मला बोलण्यातलं नावच मुळाशी जास्त जवळचं वाटतं. सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गी भागात हाच दिवस ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणून पाळतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. दुसरी एक व्युत्पत्ती सांगतात ती ‘एळु’, म्हणजे सात, या शब्दावरून. ज्येष्ठापासून मोजत आलं तर ही अमावास्या खरंच सातवी भरते. पण ऐन थंडीतला सण आणि तिळाचं नाव, हे गणित सातच्या आकड्यापेक्षा सरळ वाटतं. मग ‘वेळ’ आली कुठून? मराठवाड्यात वेळेला येळ म्हणतातच. कुणा शिकलेल्या माणसाने ‘येळ’ हा गावंढळ उच्चार समजून तो ‘शुद्ध’ केला असावा, आणि तिळाचं घड्याळ झालं.

कन्नड फक्त नावापुरतं नाही. शेतात आंबील न्यायचं ते बिंदगीत, आणि कन्नडमध्ये ‘बिंदिगे’ म्हणजे घागर. पूजेनंतर पिकात आंबील शिंपडायची, त्याला चर शिंपणं म्हणतात. तिकडे त्याला ‘चरग’ म्हणतात. शिंपताना ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ अशी आरोळी देतात. गावागणिक तिचे शब्द बदलतात, आणि अर्थ विचारला तर म्हातारी माणसंही हसून विषय बदलतात. तिकडच्या शेतांतही याच चालीची आरोळी ऐकू येते.

याचं कारण नकाशात आहे. हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, तरी निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठी बाजूला आले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेले. लातूर जिल्हा तर १९८२ चा, उस्मानाबादेतून काढलेला. सोयरिकी आणि बाजार पिढ्यान् पिढ्या एकच असलेल्या माणसांच्या मधून रेघ गेली. अमावास्या दोन्हीकडे तीच राहिली.

शेतात काय होतं ते थोडक्यात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करतात, तिच्यावर शाल पांघरतात. आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव, आणि सोबत लक्ष्मी. नैवेद्याला भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेली ती दाटसर भाजी असते. आदल्या रात्री घराघरांत चुली उशिरापर्यंत पेटलेल्या असतात. थंडीत ताकातली आंबट, गार आंबील का, असं बाहेरच्याला वाटतं. भर दुपारी उन्हात, उंडा कुस्करून भज्जी चापल्यावर ती घ्या, मग विचारा. अंधार पडला की कडब्याचा हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवून फिरवतात.

आता चंद्राचा भाग. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेतो. २०१९ मध्ये येळवस २६ डिसेंबरला होती. सकाळी सूर्यग्रहणही दिसलं होतं. २०२२ मध्ये ती २३ डिसेंबरला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण पडला आणि पुढची येळवस थेट ११ जानेवारी २०२४ ला गेली. १३ जानेवारी २०२१ ला तर येळवस आणि भोगी एकाच दिवशी. भोगीची लेकुरवाळी भाजी आणि येळवसची भज्जी, दोन्हींत जवळपास तीच भाजी-दाणे. रान त्या आठवड्यांत जे देतं तेच ताटात येणार, मग पंचांगात सण कुठेही बसो.

संक्रांत सूर्याची, म्हणून ती पक्की, असं आपण समजतो. तीही सरकते, फक्त फार सावकाश: सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणून ‘संक्रांतीच्या दिवशी’ असं सर्रास लिहिलं जातं. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, आणि त्या वर्षीची संक्रांत चारेक दिवस आधीच होऊन गेली होती. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. त्यांचा वेगळा अयनांश, म्हणजे राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची याचा हिशेब, हे त्याचं कारण. पानिपतशी त्याचा संबंध नाही.

येळवसला खरा आधार पिकाचा. रब्बीची ज्वारी भादवा-अश्विनात पेरलेली, काळ्या रानातल्या ओलीवर आणि दवावर वाढलेली. मार्गशीर्ष सरताना ती पोटऱ्यात असते, म्हणजे कणीस अजून पानांच्या आत असतं, किंवा निसवू लागते. तीन आठवडे इकडे-तिकडे झाले तरी पीक उभंच असतं, आणि हुरडा अजून पुढे असतो. म्हणजे पूजा होते ती भरत्या पिकाची, हाती आलेल्या धान्याची नव्हे. दसऱ्याहून हा सण वेगळा आहे तो इथे.

गेल्या काही दशकांत लातूरच्या रानात सोयाबीन आलं, त्यामागून हरभरा, आणि ज्वारी मागे हटली. भज्जीला दाणे भरपूर मिळतात. खोपीला आणि हेंडग्याला कडबा मात्र अनेक ठिकाणी शेजारच्याकडून मागून आणावा लागतो, नाहीतर विकत.