गाय क्रॉस, चेक क्रॉस आणि आपण पण क्रॉसच

परवा गावी गेलो होतो, तासगावपासून थोडं आत, चुलत भावाच्या वस्तीवर. त्याची गाय माजावर आलेली म्हणून डॉक्टरांना फोन केलेला आणि ते येईपर्यंत आम्ही गोठ्यासमोर चहा घेत बसलेलो. शेजारचे तात्या आले, गाईकडं बघून म्हणाले, "क्रॉस हाय न्हवं ही?" भाऊ म्हणाला, "व्हय, एचएफ क्रॉस." मग तात्यांनी खिशातनं घडी घातलेला चेक काढला आणि माझ्यापुढं धरला, "ह्यो बघ की जरा, क्रॉस करून दिलाय, रोख मिळंल का न्हाई?" तेवढ्यात भावाचा पोरगा वही घेऊन आला, बारावीला बायोलॉजी आहे त्याला, "काका, क्रॉसिंग ओव्हर म्हंजे काय ओ नक्की? पाठ केलंय पण डोक्यात शिरंना."

दहा मिनिटात तीन क्रॉस.

तात्यांचं सोपं होतं. चेकच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारल्या की पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात, हे 1881 च्या कायद्यापासून चालत आलंय. गंमत म्हणजे त्या रेघा समांतर असतात, म्हणजे भूमितीच्या नियमानं त्या एकमेकींना कधीच क्रॉस करणार नाहीत, तरी नाव क्रॉस! रेल्वेचं तर त्याहून उलटं. मिरज-पुणे लाईन सिंगल होती तेव्हा गाडी मधेच कुठल्यातरी स्टेशनात अर्धा अर्धा तास उभी राहायची, विचारलं की उत्तर एकच, "क्रॉसिंग हाय." म्हणजे समोरून दुसरी गाडी येणार, आपण बाजूच्या रुळावर थांबायचं, ती गेली की मग आपण. ही थांबलेली गाडी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गाय. डॉक्टर आले, गाडीला बांधलेला नायट्रोजनचा कॅन उतरवला, झाकण काढल्यावर त्यातनं पांढरी वाफ जमिनीवर उतरली. आत उणे 196 डिग्री. चिमट्यानं गोठवलेल्या वीर्याची एक बारीक कांडी काढली, पाव मिलीची, रिफिलसारखी, आणि कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली. कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. मग ती पुसून, टोक कापून गनमध्ये घातली, एक हात खांद्यापर्यंत हातमोज्यात, आणि एवढ्या सगळ्याला मिळून दोन-तीन मिनिटं. त्या पाव मिलीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात, त्यातला एक लागला तर नऊ-सव्वानऊ महिन्यांनी वासरू.

भावाच्या गाईची आज्जी खिलार होती. पांढरी, उंच, लांब शिंगं, वशिंड असलेली, दूध जेमतेम वासरापुरतं. तिला होल्स्टीन फ्रिजियन, म्हणजेच एचएफ, या भरपूर दुधाच्या विदेशी जातीच्या वळूची कांडी भरली, त्यातनं झालेली कालवड अर्धी-अर्धी, म्हणजे 50 टक्के. त्या कालवडीला परत एचएफ भरली की 75 टक्के, ती म्हणजे ही गाय. आणि डेअरीवर लोक इथंच फसतात, कारण त्यांना वाटतं की क्रॉस म्हणजे दुधात पाणी घातल्यासारखं आहे, अर्धं घातलं की अर्धं पातळ झालं, परत घातलं की अजून पातळ. तसं नसतं. क्रॉस म्हणजे ज्वारीच्या पोत्यात बाजरी मिसळण्यासारखं आहे. लांबून एकच रंग दिसतो पण दाणा दाणा वेगळाच राहतो आणि सुपात घेऊन बसलं तर परत वेगळा काढता येतो. हे पहिल्यांदा ओळखलं ग्रेगॉर मेंडेलनं, वाटाण्याच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढून, दुसऱ्या झाडाचे पराग लावून, आठ-एक वर्षं आणि हजारो झाडं मोजून. 1866 ला छापलं, आणि पुढं चौतीस वर्षं कुणी फारसं वाचलंच नाही.

म्हणून पहिल्या पिढीतली सगळी वासरं बरोब्बर निम्मी-निम्मी असतात, पण दुसऱ्या पिढीपासून '75 टक्के' हा फक्त सरासरीचा आकडा. गाईत क्रोमोसोमच्या, म्हणजे आईबापाचे गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या, 30 जोड्या असतात आणि बीज (शुक्राणू किंवा अंडं) तयार होताना प्रत्येक जोडीतला कुठला एक जायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, म्हणजे तीस वेळा 2 मांडून त्यांचा गुणाकार केल्यावर जे येतं तेवढ्या तऱ्हा, 107 कोटीच्या वर. त्यामुळं एकाच वळूच्या, एकाच गाईच्या दोन सख्ख्या बहिणी, एक वीस लिटरची आणि दुसरी बारावर अडलेली, असं होतं आणि मग भाऊ डॉक्टरांवर चिडतो. (हायब्रीड बियाणं दरवर्षी नवीन का घ्यावं लागतं त्याचं कारण पण हेच, घरचं धरून पेरलं की पोतं परत दाण्यादाण्यात फुटतं.)

क्रॉसचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे, फलटणला. आपल्याकडची दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक करून एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची मेंढी आहे, एवढीशी, दहा-पंधरा किलोची, पण तिला दोन-तीन कोकरं सहज होतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ही गारोल आणून दख्खनी मेंढीशी क्रॉस केला. पहिली पिढी अर्थातच बारकी निघणार, धनगर ती बघून हसणारच, कारण मटण किलोवर विकतं. पण जुळी होण्यामागं एकच जीन आहे, एफईसी-बी म्हणतात त्याला, आणि तो ज्वारीतल्या एका बाजरीच्या दाण्यासारखा शोधून सांभाळता येतो. मग करायचं काय, क्रॉस झालेली मेंढी परत दख्खनीशी, तिची पोरगी परत दख्खनीशी, दर पिढीला अंगानं मोठी होत जाणार, आणि दर पिढीला रक्ताची टेस्ट करून ज्यांच्यात तो दाणा आहे तेवढीच पुढं धरायची. अशानं अंग दख्खनीचं आणि वेत गारोलीचं अशी मेंढी तयार झाली, नाव नारी सुवर्णा. त्या जीनची एक प्रत पुरते, दोन असल्या तर कधी तिळी पण होऊ शकतात आणि मग आईचं दूध पुरेलच असं नाही.

आणि हाच जीन आधी जगाला माहीत झाला तो ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांमुळं! तिथं कुठनं गेला, तर 1790 च्या दशकात जहाजातनं गेलेल्या बंगालच्या मेंढ्यांबरोबर. म्हणजे आपल्याच देशातली वस्तू, परदेशात नाव काढून आली तेव्हा आपल्याला समजली, हे काय नवीन नाही.

बरं, क्रॉस कशाला म्हणायचं यातही आपण लोक गोंधळ घालतो. तात्या म्हणाले, "आमची द्राक्षं बी क्रॉसच की, खाली डॉगरिज वर थॉम्पसन." तर नाही. ते कलम. खुंट वेगळा, डोळा वेगळा, दोघं एकमेकांना पाणी-अन्न देतात पण जीन मिसळत नाहीत, वरच्या थॉम्पसनचा घड थॉम्पसनचाच. पण यात एक मजा आहे, खालचा डॉगरिज हा स्वतः मात्र क्रॉस आहे, अमेरिकेत टेक्सासमधल्या दोन रानटी द्राक्षांचा निसर्गातच झालेला, म्हणून तर खारट पाण्याला आणि दुष्काळाला दबत नाही. वर कलम, खाली क्रॉस.

याउलट उसाला कुणी क्रॉस म्हणत नाही आणि तो पक्का क्रॉस. आपण टिपरी लावतो, टिपरीतनं निघतो तो त्याच उसाचा दुसरा तुकडा, म्हणून आपल्याला त्याच्या आईबापाची गरजच पडत नाही. आईबाप असतात तुऱ्यात. आपल्याकडं रानात तुरा आला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी, पण कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्याच तुऱ्याची वाट बघतात, एका जातीचे पराग दुसरीच्या तुऱ्यावर झाडतात आणि त्यातनं कापसासारखं बारीक बी मिळतं. 86032 या आपल्याकडच्या उसाच्या जातीच्या नंबराआधी जे 'को' लावतात ते कोईमतूरचं, आणि त्याच्या आईबापातला एक म्हणजे आपल्या जुन्या लोकांचा लाडका 671 ऊस. काळात अजून मागं गेलं तर 1918 चा को 205, गोड उसाचा आणि नदीकाठच्या पांढऱ्या तुऱ्याच्या रानगवताचा क्रॉस. त्या रानटी बाजूमुळंच आजच्या उसात रोगाला तोंड द्यायची ताकद आहे आणि खोडवा चांगला फुटतो. गवताशी सोयरीक केली म्हणून कारखाने चालले असं म्हणायला हरकत नाही.

दवाखान्यातला क्रॉस अजून वेगळा. रक्त चढवायच्या आधी क्रॉसमॅच करतात, म्हणजे देणाऱ्याच्या लाल पेशी घेणाऱ्याच्या सीरममध्ये टाकून गुठळ्या होतात का ते बघायचं. गट जुळला तरी हे करतातच, कारण बॉम्बे ब्लड ग्रुपवाला माणूस साध्या टेस्टला 'ओ' दिसतो पण कुठलंच ओ त्याला चालत नाही. हा गट मुंबईत सापडला, 1952 ला जाहीर झाला.

आता पोराची वही. गोठ्यात दोन कासरे होते, एक पांढरा, एक काळा, तेच घेतले. "हा तुझ्या आज्ज्यानं दिलेला क्रोमोसोम, हा आज्जीनं दिलेला, दोन्ही तुझ्या आईच्या अंगात. बीज तयार होताना हे दोघं शेजारी शेजारी येऊन चिकटतात. मग पेशी स्वतः, मुद्दाम, ठिकठिकाणी डीएनए तोडते आणि काही ठिकाणी जोडताना पांढऱ्याचा शेपटा काळ्याला आणि काळ्याचा पांढऱ्याला असा सांधते. झालं क्रॉसिंग ओव्हर. पुढं जो कासरा जातो तो ना पुरता पांढरा ना पुरता काळा." सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा फुलीसारखी दिसते, म्हणून तिचं नाव ग्रीक फुलीवरनं कायझ्मा. थॉमस हंट मॉर्गननं फळमाश्यांवर काम करून हे शोधलं आणि त्याचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट, पदवी पण झालेली नव्हती त्याची, त्यानं 1911 मध्ये याच तुटण्या-जोडण्याच्या हिशोबावरनं कुठला जीन कुठल्याच्या शेजारी याचा पहिला नकाशा काढला, तो 1913 ला छापून आला.

माणसात बापाकडनं येणाऱ्या बीजात असे सांधे सरासरी 26 च्या आसपास असतात, आईकडनं येणाऱ्यात 40 च्या आसपास. पण बापाच्या बाजूनं हे वयात आल्यावर रोज चालू असतं. आईचं तसं नाही. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होऊ लागतात, फुल्या तिथंच पडतात, आणि मग ते काम अर्ध्यावर थांबतं, एकमेकाला धरलेल्या क्रोमोसोमसकट, वीस-तीस वर्षं, सिंगल लाईनवर क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीसारखं.

पोराची आईकडची आज्जी चार दिवस राहायला आलेली, उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. मी म्हणलं, "मावशी, ह्याचा आईकडचा क्रॉस तुमच्या पोटात झालाय बघा, ह्याची आई तुमच्या पोटात तीन-चार महिन्यांची असताना सुरुवात."

"माझ्या पोटात?" ती शेंग हातातच धरून म्हणाली. "तवा तर मी रोज भांगलायला जात हुते की."