शस्त्रक्रिया नव्हे, मुखवटा

जपानी दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा यांचा ‘तानिन नो काओ’ (१९६६), म्हणजे ‘दुसऱ्याचा चेहरा’, हा शस्त्रक्रियेने चेहरा बदलून पत्नीला फसवणाऱ्या माणसाचा चित्रपट आहे, असे पुष्कळदा सांगितले जाते. त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अपघातात चेहरा भाजलेल्या ओकुयामाला त्याचा मानसोपचारतज्ज्ञ एका अनोळखी माणसाला पैसे देऊन घेतलेल्या साच्यावरून मुखवटा करून देतो. तो चिकटवावा आणि उतरवावा लागतो, आणि या काढ-घालीतच कोबो आबे यांच्या मूळ कादंबरीचा (१९६४) आणि त्यांनीच लिहिलेल्या पटकथेचा खरा प्रश्न दडला आहे, कारण कायमचा नवा चेहरा मिळालेला माणूस एकच राहतो, ओकुयामा मात्र दोन जगांत वावरू लागतो. गंमत अशी, की पडद्यावर जो मुखवटा दिसतो तो अभिनेते तात्सुया नाकादाई यांचा स्वतःचा उघडा चेहरा आहे, आणि ‘खरा’ ओकुयामा बँडेजच्या पट्ट्यांआड राहतो.

फसवणुकीचे म्हणाल, तर माचिको क्यो यांनी साकारलेली पत्नी शेवटी स्पष्टच सांगते, की तिने त्याला सुरुवातीपासून ओळखले होते. फसला असेल, तर तो स्वतः.