वर्षाला 24 ऐवजी 8 रिटर्न: छोट्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीची तिमाही योजना

महिन्याला जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचा तपशील) आणि जीएसटीआर-3बी (विक्री आणि कराचा गोषवारा), म्हणजे वर्षाला 24 रिटर्न. दुकान एकट्याने सांभाळणाऱ्या माणसासाठी हा व्याप फार मोठा आहे. तो कमी करणारी क्यूआरएमपी योजना 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. तीत रिटर्न तिमाहीला भरायचे, कर मात्र दरमहा.

मागच्या आणि चालू आर्थिक वर्षात उलाढाल 5 कोटींपर्यंत असेल तर तुम्ही पात्र आहात. ही उलाढाल एका पॅनवरच्या सगळ्या नोंदण्यांची मिळून धरतात. आणखी एक अट म्हणजे मागचे देय रिटर्न भरलेले हवे. बहुतेकांचे घोडे इथेच अडते, म्हणून आधी थकबाकी संपवा.

कागदपत्रे कुठलीच जोडावी लागत नाहीत. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिसेस, मग रिटर्न्स, तिथे ‘ऑप्ट-इन फॉर क्वार्टर्ली रिटर्न’ निवडून सेव्ह करायचे. एप्रिल-जून तिमाहीसाठी ही निवड 1 फेब्रुवारी ते 30 एप्रिल या काळात करता येते. पुढच्या तिमाहींच्या मुदतीही अशाच सरकत जातात. दर तिमाहीला पुन्हा निवड करावी लागत नाही.

तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत पीएमटी-06 चलनाने भरायचा. पोर्टलवरच्या तुमच्या जीएसटी खात्यात पुरेशी शिल्लक असेल किंवा कर निघतच नसेल, तर चलन नको. आधीपासून तिमाही रिटर्न भरत असाल तर मागच्या तिमाहीत रोखीने (म्हणजे क्रेडिटमधून न वळवता) भरलेल्या कराच्या 35 टक्क्यांचे तयार चलन मिळते. हिशेब वाचतो, पण दिवाळीवर धंदा चालणाऱ्यांनी जानेवारी आणि फेब्रुवारीत ते डोळे झाकून घेऊ नये. ऑक्टोबर-डिसेंबरच्या जोरदार विक्रीवर बेतलेली रक्कम मंदीच्या महिन्यात भरावी लागते. तेव्हा प्रत्यक्ष हिशेब करून कर भरण्याचा पर्याय घ्यावा.

तुमचा माल कारखाने किंवा मोठे व्यापारी घेत असतील तर आयएफएफ ही सोय विसरू नका. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची नोंदणीकृत ग्राहकांची बिले तिच्यातून पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत चढवता येतात. मर्यादा महिन्याला 50 लाख रुपये. कायद्याने ही सोय ऐच्छिक आहे. पण बिल चढले नाही तर खरेदीदाराच्या 2बी या पोर्टलवरच्या यादीत क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) दिसत नाही आणि तो तुमचे पैसे अडवून धरतो. माझ्या मते अशा पुरवठादारांनी ती सक्तीचीच मानावी. किरकोळ विक्री करणाऱ्याला तिची गरज नाही.

महाराष्ट्रात तिमाहीचा जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 13 तारखेपर्यंत आणि 3बी 22 तारखेपर्यंत भरायचा असतो. अख्ख्या तिमाहीत व्यवहार झाला नाही, तरी शून्य रिटर्न भरावेच लागते. नाहीतर रोज 20 रुपये विलंब शुल्क चढते. शून्य रिटर्न नोंदणीकृत मोबाइलवरून 14409 या क्रमांकावर एसएमएस करूनही भरता येते.